मुक्तस्रोत संगणकावरील ध्वनिव्यवस्थेचा इतिहास आणि कोलामीचे ध्वनिमुद्रण

यवतमाळ जिल्ह्यात संगणकाचा आवाज बंद पडला म्हणजे बोलणारा बहुधा ‘आवाज येऊन नाही राहिला’ असे म्हणतो. वऱ्हाडी-नागपुरी बोलींतील ‘राहणे’ या सहायक क्रियापदाची ही रचना भाषाभ्यासकांस परिचित आहे. पुण्याकडील माणूस तेथे ‘आवाज येत नाही’ म्हणेल, आणि घाईत असला तर नुसते ‘आवाज नाही’ म्हणेल. या तीन वाक्यांचा अर्थ व्यवहारात एकच धरला जातो. परंतु भाषिक नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणाचा प्रश्न आला की तो एक राहत नाही. ‘आवाज नाही’ हे विधान ध्वनीच्या अस्तित्वाविषयी आहे. ‘येऊन नाही राहिला’ हे त्याच्या वाटचालीविषयी आहे. फाइलीत ध्वनी असतो, तो कानापर्यंत पोचत नाही. आणि तो पोचत नाही म्हणून फाइल रिकामी समजून पुसून टाकली जाते, ही आपत्ती क्षेत्रकार्य करणाऱ्यांच्या बाबतीत सर्वस्वी संभवनीय आहे. ज्या भाषेचे वृद्ध भाषक वर्षानुवर्षे कमी होत आहेत, तिच्या बाबतीत ती भरून न येणारी ठरते.

कोलामी ही अशी भाषा होय. मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील पोडांवर ती बोलली जाते. तिचा विस्तार पुढे चंद्रपूर, नांदेड आणि तेलंगणातील आदिलाबादपर्यंत आहे. चहूकडून मराठी, गोंडी व तेलुगू यांनी वेढलेली ही द्राविड भाषा २०११च्या जनगणनेत सुमारे १,२८,००० लोकांनी आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. तिचा पहिला व्यवस्थित परिचय ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’च्या चौथ्या खंडात, १९०६ साली, स्टेन कोनो यांच्या लेखनाने झाला. त्याच खंडात पुसद तालुक्यातील भिल्ल म्हणविणाऱ्या काही लोकांची बोली नावाने भिल्ली असली तरी कोलामीच्या जवळची आहे, हे दाखविण्यात आले. पुसद तेव्हा नमुने जमविताना वाशीम जिल्ह्यात होते. १९०५च्या पुनर्रचनेत ते यवतमाळकडे आले. पुढे पी. सेतुमाधवराव यांचे कोलामी व्याकरण १९५० साली, आणि मरे एमेनो यांचा ‘कोलामी : अ द्रविडियन लँग्वेज’ हा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. एमेनोंच्या ग्रंथाचा आधार त्यांनी १९३०नंतरच्या दशकात वर्धा भागात स्वतः ऐकून केलेली टिपणे हा होता.

या सर्व कार्याची साधने कान, लेखणी व लिपी ही होती. लिपीची मर्यादा येथे विशेष जाणवते. कोलामीत ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन्ही आहेत व त्यांचा भेद अर्थभेदक आहे. मराठीच्या नित्याच्या वर्णमालेत ऱ्हस्व ‘ए’साठी चिन्हच नाही. घर या अर्थाचा कोलामी शब्द ‘एल्ला’ असा लिहिला की मराठी वाचक त्यातील पहिला स्वर आपल्या सवयीने उच्चारतो, आणि लिहिणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. ‘ऎल्ला’ असे विशेष चिन्ह वापरून लिहिता येते. परंतु ते चिन्ह ओळखणारा वाचक प्रथम घडवावा लागतो. सारांश, स्वरांच्या मात्रेचा खरा पुरावा ध्वनिमुद्रणातच राहतो. सर्वेक्षणाच्या चालकांसही याची जाणीव होती. म्हणूनच त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत भारतातील अनेक भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या करविल्या. त्या तबकड्या ऐकण्यास चावीचे यंत्र आणि चांगली सुई पुरेशी होती. यंत्र बिघडले तर कोठे बिघडले हे डोळ्यांस दिसे.

आज तेच काम टेबलावरील साध्या संगणकावर होते. महाविद्यालयांच्या अल्प निधीत परवान्याचा खर्च नको म्हणून, आणि ध्वनिविश्लेषणाची उत्तम साधने तेथेच आहेत म्हणूनही, लिनक्ससारखी मुक्तस्रोत प्रणाली भाषाभ्यासकास सोयीची पडते. अॅमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांचे ‘प्राट’ आणि कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९मध्ये आरंभ होऊन २०००मध्ये बाहेर पडलेले ‘ऑडॅसिटी’ ही दोन्ही साधने फुकट तर आहेतच, शिवाय त्यांची रचना कोणासही वाचता येते. मात्र याच प्रणालीची ध्वनीच्या बाबतीत फार काळ अपकीर्ती होती. तीत तथ्यही होते. त्याचे कारण कारागिरांचे अज्ञान नव्हे. ही व्यवस्था एका आराखड्याने उभी राहिली नाही, थरावर थर चढत गेली, हे ते कारण होय. जुना थर काढून न टाकता नवा त्यावर बसविला गेला, आणि प्रत्येक थराने आवाज अडण्याची आपली स्वतंत्र जागा मागे ठेवली. म्हणून दोष शोधणाऱ्यास या थरांचा क्रम ठाऊक असणे आवश्यक आहे.

तळाचा थर १९९२चा. लिनस टोर्वाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा १९९१मध्ये जाहीर केल्यावर वर्षभरातच फिनलंडमधील हानू सावोलाइनेन यांनी ‘साउंड ब्लास्टर’ या त्या काळच्या लोकप्रिय कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. त्यातून ‘ओपन साउंड सिस्टिम’ निर्माण झाली. तिची कल्पना युनिक्स परंपरेला धरून अत्यंत सरळ होती: ध्वनियंत्र म्हणजे एक फाइल; तिच्यात आकडे लिहीत गेले की कर्ण्यातून आवाज निघतो. परंतु बहुतेक कार्डांवर ही फाइल एका वेळी एकाच कार्यक्रमास उघडता येई. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यावर एकच बंडी उभी राहते, मागच्या बंड्यांनी थांबावे, तसा हा प्रकार होता. गाण्याचा कार्यक्रम उघडा राहिला असेल तर ध्वनिविश्लेषणाचा कार्यक्रम मुका राही. ‘उपकरण व्यस्त आहे’ अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येई, किंवा तोही येत नसे. आडून बसलेला कार्यक्रम शोधून बंद करणे हा त्यावरचा उपाय. आणि तीस वर्षांनंतरही, एखादे जुने साधन यंत्राशी थेट बोलू लागले तर, तोच करावा लागतो.

याच थराने दुसरा एक सूक्ष्म दोष दिला, तो शांततेपेक्षा घातक होय. ध्वनी आकड्यांत साठविताना एका सेकंदात किती वेळा मोजला हे ठरलेले असते: संगीताच्या तबकडीसाठी ४४,१०० वेळा, चित्रपटाच्या परंपरेत ४८,००० वेळा. १९९७मध्ये आलेल्या ‘एसी ९७’ या मानकाची अनेक यंत्रे ४८,००० हीच एक गती जाणत. कार्यक्रमाने ४४,१००ची मागणी केली तर ड्रायव्हर ‘मिळेल ती गती ही’ असे उत्तर देई. पण ते उत्तर तपासण्याचे कष्ट सर्व कार्यक्रमांच्या कर्त्यांनी घेतले नव्हते. अशा वेळी ध्वनी येई, मात्र सुमारे नऊ टक्के अधिक वेगाने येई. सेकंदाचा शब्द ०.९२ सेकंदात संपे, आणि २०० आवर्तनांचा स्वर जवळजवळ २१८ आवर्तनांचा होई. वाद्याच्या जाणकारास हा फरक तत्काळ कळतो, कारण तो दीड श्रुतीचा नव्हे, जवळपास दीड अर्धस्वराचा आहे. अनोळखी वक्त्याच्या अनोळखी भाषेत तो कळेलच असे नाही. बाई जरा उंच आवाजात, भरभर बोलते एवढेच वाटेल. आज हे गतिरूपांतर व्यवस्थेतच होत असल्याने हा दोष क्वचित् आढळतो. परंतु ज्या फाइलीस गतीची नोंद असलेले शीर्षक नाही, अशी कच्ची फाइल ऑडॅसिटीत आणताना चुकीचा आकडा भरला तर तो आजही तितकाच सहज घडतो.

सावोलाइनेन यांच्या कामाची पुढची आवृत्ती व्यापारी वाटेने गेली. ती पुन्हा मुक्त झाली २००७मध्ये. दरम्यान चेक प्रजासत्ताकातील यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८च्या सुमारास नवी रचना हाती घेतली. तीच ‘अॅडव्हान्स्ड लिनक्स साउंड आर्किटेक्चर’, म्हणजे प्रचारातील ‘अल्सा’. डिसेंबर २००३मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६ मालिकेत तिने जुन्या व्यवस्थेची जागा घेतली. जुन्या कार्यक्रमांसाठी जुन्या फाइलीचा देखावा मात्र तिने कायम राखला. अल्साने कार्डाच्या प्रत्येक वाहिनीस स्वतंत्र नियंत्रण दिले: मास्टर, पीसीएम, हेडफोन, फ्रंट, आणि कार्डागणिक आणखी कितीतरी. यांपैकी मार्गातील एक जरी बंद असली तरी आवाज अडतो. त्यातच अल्साचा मूळ नियम असा होता की, नवे कार्ड ओळखले गेले की त्याच्या सर्व वाहिन्या प्रथम बंद असाव्यात. अकस्मात् मोठा आवाज होऊन कान किंवा कर्णे यांस इजा होऊ नये, हा हेतू सद्भावाचा होता. परिणाम असा झाला की हजारो लोकांनी नवी प्रणाली बसविली, ड्रायव्हर नीट चालला, आणि संगणक मुका राहिला. ‘अल्सामिक्सर’ उघडून, ज्या पट्टीखाली दोन ‘एम’ दिसतात तिच्यावर जाऊन ‘एम’ची कळ दाबणे हा उपाय तेव्हापासून जवळजवळ पाठांतराचा विषय झाला. आजच्या प्रणाली या वाहिन्या स्वतः उघडतात व यंत्र बंद करताना त्यांची स्थिती जपून ठेवतात. तथापि मदरबोर्ड बदलला, कार्ड नवे घातले, की जपलेली स्थिती निरुपयोगी होते आणि तो जुना मौनाचा नियम पुन्हा भेटतो.

येथे एक यांत्रिक प्रकरण मध्ये येते. २००४मध्ये इंटेलने ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हे मानक आणले. यात ध्वनीची चिप सारखी असली तरी तिच्या कोणत्या पायाशी कोणते भोक जोडावे हे मदरबोर्ड बनविणाराच ठरवितो आणि ती माहिती यंत्राच्या आरंभीच्या कार्यक्रमात नोंदवितो. ही नोंद पुष्कळदा चुकलेली असे. लिनक्सच्या गाभ्यात म्हणूनच बोर्डागणिक दुरुस्त्यांची एक लांबलचक यादी साठत गेली आहे. ती वाचणे हे कारखान्यांच्या निष्काळजीपणाचे दप्तर वाचण्यासारखेच आहे. सुटे भाग जोडून केलेल्या संगणकांत आणखी एक अडचण उद्भवे. पेटी जुन्या मानकाची आणि बोर्ड नव्या मानकाचा, अशी जोडी जमली की पुढच्या बाजूच्या भोकात हेडफोनचा प्लग आहे किंवा नाही हे यंत्रास नीट कळत नाही. हेडफोन लागलेलाच आहे असे त्याने धरले, तर ते मागचे कर्णे गप्प ठेवते. पडद्यावर पट्टी हलताना दिसते, कोणताही दोष दाखविला जात नाही. प्लग मागच्या हिरव्या भोकात लावून पाहणे, किंवा मिक्सरमधील आपोआप मौनाची व्यवस्था काढून टाकणे, यांनी त्याची परीक्षा होते. पुढे पडद्याची तारच ध्वनीही वाहू लागली, तेव्हा तिसराच गोंधळ उत्पन्न झाला: संगणक आवाज इमानाने पडद्याकडे पाठवितो, आणि पडद्यास कर्णाच नसतो.

अनेक कार्यक्रमांचा ध्वनी एकत्र मिसळण्याचा प्रश्न अल्सानेही पूर्णतः सोडविला नाही. त्यासाठी मध्यस्थ कार्यक्रम निघाले. ‘ईएसडी’ आणि ‘आर्ट्स’ हे त्यांतील जुने. आज त्यांची केवळ नावे उरली आहेत. लेनार्ट पोटरिंग यांनी २००४मध्ये आरंभिलेला ‘पल्सऑडिओ’ मात्र सर्वत्र पसरला. फेडोराने तो नोव्हेंबर २००७च्या आठव्या आवृत्तीत आणि उबुंटूने एप्रिल २००८च्या आवृत्तीत स्वीकारला. प्रत्येक कार्यक्रमाचा आवाज निरनिराळा कमी-अधिक करणे, चालू ध्वनी कर्ण्यावरून हेडफोनकडे वळविणे, या सोयी त्याने दिल्या. प्रारंभी त्याच्या वाट्यास तक्रारीच फार आल्या: आवाज तुटतो, खरखरतो, नाहीसा होतो. या तक्रारींपैकी सर्वांचे उत्तरदायित्व त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पल्सऑडिओ यंत्राकडून वेळेचा अचूक हिशेब मागत असे, आणि कित्येक ड्रायव्हर तो हिशेब खोटा देत. पूर्वी कोणी विचारले नव्हते, म्हणून खोटेपणा उघड झाला नव्हता. तरीही प्रणाली बाहेर काढणाऱ्यांनी जरा अधिक धीर धरावयास हवा होता, हे मान्य करावे लागते.

या थराने दोष शोधणाऱ्याचे काम दुप्पट केले. आता आवाजाची पट्टी दोन ठिकाणी झाली. वरची पूर्ण उघडी असूनही खालची बंद असू शकते, आणि एखाद्या कार्यक्रमाचा आवाज एकदा शून्य केला की मध्यस्थ तो निर्णय लक्षात ठेवतो व पुढील खेपेस निमूटपणे पाळतो. ‘पावूकंट्रोल’ हे साधन उघडून पाहिल्याशिवाय हे कळण्याचा मार्ग नाही. तेथे कार्यक्रमाच्या नावासमोरची प्रकाशरेषा हलत असेल तर ध्वनी मध्यस्थापर्यंत आला आहे. अडथळा त्याच्या खाली शोधावा. हलत नसेल तर तो फाइल आणि कार्यक्रम यांच्या बाजूस आहे.

फाइलीच्या बाजूचा इतिहास यंत्राचा नसून कायद्याचा आहे. एमपीथ्री या प्रकारावर एकस्वाचे हक्क असल्याने रेड हॅटने २००२मध्ये आपल्या प्रणालीतून तो वाजविण्याची सोय काढून टाकली. फेडोरात ती परत आली २०१६च्या अखेरीस, आणि परवाने देण्याची व्यवस्थाच एप्रिल २०१७मध्ये संपली. मधल्या काळात असंख्य चांगल्या फाइली ‘वाजत नाहीत’ असे ठरले. भाषाभ्यासकास याहून जास्त त्रास मोबाइलवरील जुन्या ध्वनिमुद्रणांनी दिला. त्यांचा ‘एएमआर’ हा प्रकार उघडण्यास ऑडॅसिटीला ‘एफएफएमपेग’ची जोड द्यावी लागते. ती दिली की ध्वनी येतो. पण तो टेलिफोनच्या संभाषणापुरता कापलेला असतो. सेकंदास ८,००० मोजण्या असल्याने ४,००० आवर्तनांवरचे काहीही त्यात नाही, आणि ‘स’सारख्या ऊष्म वर्णाची ओळख पटविणारी शक्ती पुष्कळशी त्याच्या वरच असते. हे नुकसान कोणत्याही दुरुस्तीने भरून निघत नाही. ध्वनी वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारांत साठविण्याचा आग्रह त्यासाठीच धरावयाचा.

सर्वांत वरचा थर विम टायमन्स यांच्या ‘पाइपवायर’चा. २०१७मध्ये जाहीर झालेली ही रचना एप्रिल २०२१मध्ये फेडोरा ३४ने आणि ऑक्टोबर २०२२मध्ये उबुंटूने ध्वनीसाठी स्वीकारली. तिचे विशेष हे की जुन्या कार्यक्रमांपुढे ती पल्सऑडिओचेच रूप घेऊन उभी राहते. त्यांना मध्यस्थ बदलल्याचे कळत नाही. व्यावसायिक संगीतकारांच्या ‘जॅक’ या व्यवस्थेचेही रूप ती घेते. ज्यांनी मागील तीस वर्षांतील थर पाहिले आहेत त्यांस तिचा शहाणपणा पटेल. अनेक जुन्या तक्रारी तिच्यामुळे मिटल्या. परंतु खाली अल्सा आहेच, अल्साखाली चिप आहेच, आणि त्या चिपच्या पायांची नोंद कोठेतरी चुकलेली असू शकते.

आता एका दोषाकडे वळावयाचे, जो सामान्य ऐकणाऱ्यास क्षुल्लक वाटेल. वीज वाचविण्यासाठी पल्सऑडिओ व पाइपवायर हे दोन्ही मध्यस्थ, काही वेळ ध्वनी नसला की यंत्रास झोपवितात. हा वेळ सामान्यतः पाच सेकंदांचा असतो. चिपच्या ड्रायव्हरचीही अशीच स्वतंत्र व्यवस्था आहे. पुन्हा ध्वनी सुरू झाला की यंत्र जागे होण्यास थोडा वेळ घेते, आणि काही यंत्रांवर तेवढ्या वेळातील आरंभ ऐकूच येत नाही. गाणे किंवा व्याख्यान ऐकणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. शब्दसूचीचे ध्वनिमुद्रण वेगळे असते. तेथे प्रत्येक शब्द स्वतंत्र फाइलीत कापून ठेवलेला असतो. अभ्यासक एक ऐकतो, टिपण करतो, विचार करतो, मग पुढचा उघडतो. मध्ये पाच सेकंद सहज जातात. म्हणजे प्रत्येक शब्दाचा आद्य वर्ण गिळला जाण्याची पूर्ण सिद्धता असते, आणि आद्य अनुनासिकाचा काळ पुष्कळदा सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो.

कोलामीत पाण्यास ‘ईर’ म्हणतात. तमिळमध्ये ‘नीर्’, तेलुगूत ‘नीरु’, बस्तरच्या परजीत ‘नीर’. आद्य ‘न’ तिन्हींत आहे, कोलामीत नाही. कोलामीच्या प्रसिद्ध वर्णनांत हा शब्द ‘न’विनाच नोंदलेला आहे, आणि ती वर्णने समोर बसलेल्या वक्त्याचे ऐकून केलेली असल्याने त्यांत यंत्राचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु आज जो नवा अभ्यासक एखाद्या पोडावरील ध्वनिमुद्रण महाविद्यालयाच्या संगणकावर ऐकतो, त्याच्यापुढे ‘ईर’ आला म्हणजे काय ऐकू आले? भाषेने शतकांपूर्वी टाकलेला ‘न’, की यंत्राने आत्ताच गिळलेला? याच्या उलट, एखाद्या पोडावर ‘नीर’ असाच उच्चार प्रत्यक्षात असला, आणि झोपलेल्या यंत्राने त्याचा ‘ईर’ केला, तर छापील वर्णनाशी जुळला म्हणून तो निमूटपणे तसाच लिहिला जाईल. अशी चूक पुन्हा तपासावी असे कोणास वाटणार नाही, कारण ती अपेक्षेप्रमाणेच आहे.

हिची परीक्षा कानाने होत नाही. ती डोळ्यांनी करावी लागते. ऑडॅसिटी किंवा प्राट यांत फाइल उघडली की ध्वनीची लहर पडद्यावर उमटते, आणि ही लहर काढण्यासाठी कर्णा, मिक्सर, मध्यस्थ, ड्रायव्हर यांपैकी कशाचीही गरज नसते. ती फाइलीतील आकड्यांवरूनच काढली जाते. सर्वस्वी मुका वाटणारा संगणकही ती दाखवितो. लहर सपाट रेषा असेल तरच फाइल रिकामी मानावी, तीही रेषा उभ्या दिशेने मोठी करून पाहिल्यावर; कारण मायक्रोफोन दूर राहिलेला क्षीण आवाज प्रथमदर्शनी सपाटच दिसतो. लहर असेल तर आवाज आहे, येऊन राहिला नाही इतकेच. मग खालून वर जावे: तार व भोक, मिक्सरची वाहिनी, मध्यस्थाने निवडलेले निर्गम, कार्यक्रमाची पट्टी. शब्दसूचीच्या बाबतीत प्रत्येक फाइलीच्या आरंभी सेकंदभर शांतता जोडली म्हणजे यंत्रास जागे होण्यास अवकाश मिळतो आणि शब्द अखंड ऐकू येतो. मूळ फाइलीस हात न लावता प्रतीवर हे करावे. प्राटमध्ये आद्य अनुनासिक असल्यास स्वरापूर्वी मंद, खालच्या आवर्तनांचा एक पट्टा स्पष्ट दिसतो. ‘ईर’च्या आरंभी तो दिसला नाही, आणि स्वराच्या आधीची शांतता अबाधित असली, म्हणजे तेथे ‘न’ नाही असे लिहिण्यास प्रत्यवाय राहत नाही.